‘कितीही भांडा, पण मुलांसाठी एकत्र राहा’: हा सल्ला तपासून पाहू

घटस्फोटाने मुलं कायमची मोडतात, पुढे त्यांचेही संसार टिकत नाहीत, म्हणून कितीही भांडा पण मुलांसाठी एकत्र राहा, असा एक मजकूर जोरात फिरतोय. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. दावे मात्र कच्चे आहेत.

‘कायमची मोडतात.’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी अनेक वर्षं अशा कुटुंबांचा पाठपुरावा केला. गंभीर भावनिक-सामाजिक अडचणी घटस्फोटित घरांतल्या सुमारे २५ टक्के मुलांत दिसल्या, एकत्र राहिलेल्या घरांत सुमारे १० टक्के. धोका दुपटीहून जास्त आहे, तो झाकू नये. पण चारातली तीन मुलं सावरतात, हेही त्याच आकड्यांत आहे. सावरलेल्या मुलांना दुःख नसतं असं नाही. दुःख वेगळं आणि विकार वेगळा. उलट बाजूने हमखास पुढे केला जातो तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ वॉलरस्टीन यांचा १९७१मध्ये सुरू झालेला अभ्यास. त्यात कॅलिफोर्नियातली ६० कुटुंबं होती आणि तुलनेला एकत्र राहिलेली कुटुंबं सुरुवातीला घेतलीच नव्हती!

‘घटस्फोटामुळेच.’ समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९१मध्ये ब्रिटन-अमेरिकेतली माहिती तपासली. मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, बऱ्याचशा अडचणी आईवडील वेगळे होण्याआधीच सुरू झालेल्या होत्या.

‘त्यांचेही संसार टिकत नाहीत.’ शक्यता वाढते, एवढंच. अनेकांचे टिकतात.

आता ‘कितीही भांडा’. इथे मजकूर नुसता चुकत नाही, घातक ठरतो. समाजशास्त्रज्ञ पॉल अमॅटो आणि सहकाऱ्यांना १९९५मध्ये असं दिसलं की टोकाची भांडणं असलेल्या घरांत आईवडील वेगळे झाले तर मुलं मोठेपणी अधिक बरी असतात. आईवडील तसेच भांडत एकत्र राहिले तर अधिक वाईट. मात्र वरवर शांत असलेलं लग्न मोडलं, तर मुलांना फटका बसतो. त्यांच्या दृष्टीने घरात काही बिघडलेलंच नसतं. म्हणजे ‘मुलांसाठी थांबा’ हा सल्ला काही जोडप्यांना लागू पडतो, पण ती न भांडणारी जोडपी. मजकूर नेमका उलट्या घराला तो देतोय.

आणि वेगळं झाल्यावर काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. मुलाच्या तोंडून निरोप पाठवणं, ‘तू कोणाच्या बाजूचा?’ विचारणं, पैशाचे वाद त्याच्यासमोर काढणं हे निकालानंतरही चालू राहतं. ते थांबवणं मात्र दोघांच्या हातात असतं.