कीव्ह कदापि सोडू नका: नवशिक्या सोव्हिएत सेनापतींस काही सूचना

दुसऱ्या महायुद्धातील पूर्व आघाडीच्या १९४१ सालच्या वॉरगेममध्ये, म्हणजे नकाशावर सैन्य हलवून खेळायच्या युद्धखेळात, आपण सोव्हिएत बाजू घेतली, त्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. समोर जर्मन रणगाड्यांचे करडे काउंटर, म्हणजे तुकड्यांच्या सोंगट्या, दाटीवाटीने उभे असतात, आपल्याकडे संख्येने भरपूर पण ताकदीने बेताच्या तुकड्या असतात आणि हिवाळा येईपर्यंत आपण मार खाणार, हे नकाशा उलगडण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असते. अशा वेळी नवशिक्याला कोणी जाणत्याने चार शब्द सांगणे अगत्याचे आहे. गेल्या पंधरवड्यात दोघांविरुद्ध दोघे अशा एका खेळात आघाडीचा उत्तर आणि मध्य भाग माझ्याकडे होता, तर दक्षिण भाग एका अत्यंत उत्साही सहकाऱ्यांकडे होता. पुढील उपदेश त्यांच्याच खेळाच्या निरीक्षणातून सुचलेला असल्यामुळे त्याचे श्रेय मी घेत नाही.

नियमपुस्तिका वाचू नये. समोरचा खेळाडू ती वाचून आलेला असतो. तेच ते दोघांनी कशाला वाचायचे?

मांडणी करताना हाताशी असलेली प्रत्येक तुकडी थेट सीमेवर उभी करावी. बियालिस्तोकचा पश्चिमेकडे पुढे आलेला फुगवटा तर रिकामा ठेवूच नये. ज्या जागेच्या तीन बाजूंना शत्रू आहे, तिथे जितके सैन्य कोंबता येईल तितके कोंबावे. २२ जून १९४१ रोजी ‘पश्चिम आघाडी’ या सोव्हिएत सैन्यगटाचे सेनापती दिमित्री पाव्हलोव यांचे बरेचसे सैन्य याच फुगवट्यात होते. २८ जूनला मिन्स्क पडले, बियालिस्तोक आणि मिन्स्क येथे मिळून सुमारे तीन लाख सैनिक कैद केल्याचा दावा जर्मनांनी केला आणि युद्ध सुरू होऊन महिना होतो न होतो तोच पाव्हलोव यांना त्यांच्याच सरकारने गोळ्या घातल्या. हा शेवटचा नियम बहुतेक खेळांत नसतो, त्यामुळे आपण निर्धास्त असावे.

काही चिकित्सक मंडळी सांगतात की नकाशावरच्या प्रत्येक षट्कोनात, म्हणजे सहा बाजूंच्या घरात, तुकडी ठेवण्याची गरज नसते. एक सोडून एक घर भरले, तरी शेजारच्या तुकड्यांचे झोन ऑफ कंट्रोल, म्हणजे भोवतीच्या घरांवरचा त्यांचा धाक, एकमेकांना भिडतात आणि शत्रूला मधून सहज निसटता येत नाही. त्यातून वाचलेल्या तुकड्यांची दुसरी रांग दोन-तीन घरे मागे उभी करावी, म्हणजे पहिली फळी फोडून त्याच फेरीत दुसरी चाल करणारे रणगाडे तिच्यावर येऊन थांबतात, असेही ते म्हणतात. आपण या भानगडीत पडू नये. रांग एकच असावी, सलग असावी आणि तिच्या मागे थेट मॉस्कोपर्यंत मोकळे रान असावे.

नदी नेहमी आपल्या पाठीशी ठेवावी. द्विना किंवा नीपरच्या पलीकडून हल्ला करणाऱ्याची ताकद निम्मी होते असे नियम सांगतो खरा, परंतु पाहुण्याला अशा अडचणीत आणणे आपल्या सौजन्याला शोभत नाही.

यंत्रसज्ज कोअर, म्हणजे रणगाड्यांचे मोठे सैन्यविभाग, हाती आले की त्यांनी त्याच फेरीत, रसद न पाहता, वेगवेगळ्या दिशांनी प्रतिहल्ला करावा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात दुब्नो आणि ब्रोदीच्या परिसरात सोव्हिएत कोअर असेच तुकड्यातुकड्यांनी लढाईत उतरले आणि त्यांचे असंख्य रणगाडे गेले. कित्येक तर शत्रूच्या तोफेने नव्हे, वाटेत बंद पडून गेले. त्या लढाईने निदान जर्मनांचे काही दिवस खाल्ले. शत्रूच्या निम्म्या ताकदीने, एकास दोन अशा प्रमाणात, आपण फासा टाकतो, तेव्हा मात्र खर्च केवळ आपलाच होतो.

राखीव सैन्य ठेवू नये. ते पाहून आघाडीवरच्या सैनिकांना आपल्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते.

रेल्वेची क्षमता प्रत्येक फेरीत मोजकीच मिळते आणि ती सैन्य हलवायला वापरायची की कारखाने, हा प्रश्न नवशिक्याला उगाचच सतावतो. मॉस्कोने युद्धाच्या तिसऱ्याच दिवशी, २४ जूनला, कारखाने हलवण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले आणि वर्ष संपेपर्यंत दीड हजारांहून अधिक मोठे कारखाने उरल, व्होल्गा आणि सायबेरियाकडे नेले; खारकोव्हचा रणगाड्यांचा कारखाना निझ्नी तागिलला गेला आणि तिथे टी-३४ रणगाडे तयार करू लागला. आपण इतका लांबचा विचार करू नये. आपल्या सगळ्या आगगाड्या अधिकाधिक तुकड्या कीव्हमध्ये आणून ओतण्यासाठी असतात.

कारण कीव्ह कदापि सोडायचे नसते. जुलैच्या अखेरीस झुकोव्ह यांनी कीव्ह सोडण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्यांना सेनाप्रमुखपदावरून दूर करण्यात आले. सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडचे सोव्हिएत सेनापती बुद्योन्नी यांनी माघारीची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनाही हटवून तिमोशेन्को यांना आणण्यात आले. सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरेकडून उतरलेले जर्मन सेनापती गुडेरियनचे रणगाडे आणि दक्षिणेकडून चढलेले क्लाइस्टचे रणगाडे लोख्वित्साजवळ एकमेकांना भेटले. १९ तारखेला शहर पडले, दुसऱ्या दिवशी आघाडीचे सेनापती किरपोनोस मारले गेले आणि साडेसहा लाखांहून अधिक कैद्यांचा आकडा जर्मनांनी जाहीर केला. माझ्या सहकाऱ्यांना हे सगळे तोंडपाठ होते. खेळ सुरू होण्यापूर्वी चहा पिताना त्यांनी स्टालिनच्या हट्टावर आम्हाला एक छोटेखानी व्याख्यानही दिले होते. ऑगस्टच्या फेऱ्यांत स्मोलेन्स्कसमोरचे जर्मन रणगाडे थांबले, त्यांनी तोंड दक्षिणेकडे वळवले आणि ते देस्ना नदीच्या दिशेने सरकू लागले, तेव्हा मी त्यांना नम्रपणे सुचवले की कीव्हमध्ये दोन कमकुवत तुकड्या ठेवून बाकीचे सैन्य आत्ताच पूर्वेकडे काढावे. त्यांनी उत्तर दिले की कीव्हला विजयाचे गुण आहेत. पुढच्या फेरीत देस्ना ओलांडली गेली. मी पुन्हा सुचवले. त्यांनी आणखी एक सैन्य रेल्वेने आत आणले. त्याच्या पुढच्या फेरीत वेढ्याचे तोंड जेमतेम दोन षट्कोन उघडे राहिले होते, तेवढ्यातून निम्मे सैन्य अजूनही बाहेर पडले असते, आणि या गृहस्थांनी आपली पाळी शहराच्या पश्चिमेला एका पायदळ तुकडीवर हल्ला करण्यात घालवली! स्टालिनला निदान अपुऱ्या आणि उशिरा येणाऱ्या बातम्यांवर निर्णय घ्यावे लागत होते. तुमच्यासमोर टेबलावर अख्खी जर्मन सेना उताणी पडलेली असते, तिची ताकद प्रत्येक काउंटरवर छापलेली असते, ती किती घरे चालू शकते हेही त्यावरच लिहिलेले असते. मोजायला एक बोट पुरते. गुणांचे म्हणाल, तर कीव्ह सोव्हिएत सैन्याने ६ नोव्हेंबर १९४३ रोजी परत घेतले. शहराला पाय नसतात, ते आहे तिथेच राहते. वेढ्यात, रसद तुटलेली असताना नष्ट झालेल्या तुकड्या मात्र बऱ्याच खेळांत कायमच्या बाद होतात, आणि हे नियमपुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेले असते.

वेढा मिटला, कुर्स्कपासून खारकोव्हपर्यंत नकाशावर एकही सोव्हिएत तुकडी उरली नाही, आणि तेव्हा आमच्या सेनापतींनी हाताची घडी घालून निवाडा दिला की या खेळात मुळी समतोलच नाही. मग त्यांना घरचे काही तातडीचे काम आठवले आणि ते उठून गेले.

समतोल नाही! १९४१ चा उन्हाळा समतोल कसा असेल? ज्याला दोन्हीकडे सारखे मोहरे हवेत, त्याने बुद्धिबळ मांडावे. सोव्हिएत बाजूला उन्हाळ्यात लढाया जिंकायच्याच नसतात. सैन्य शाबूत ठेवून जमीन देत जायची असते. जर्मन जितका आत येतो, तितका त्याच्या रसदीचा पल्ला लांबतो, कारण आपले रूळ रुंद आहेत आणि ते त्याच्या गाड्यांच्या मापाचे करून घेण्याचा वेग नियमाने बांधलेला असतो. ऑक्टोबरमध्ये चिखल होतो आणि त्याची चाल आखडते. ५ डिसेंबरपासून मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला. खेळातही त्या सुमारास ताज्या तुकड्या येतात, जर्मनांची ताकद घटते आणि पाच महिने खाल्लेला मार परत करण्याची पाळी आपली येते. या बाजूची सगळी गोडी तिथे आहे. तुम्ही सप्टेंबरमध्ये उठून गेलात.

तुमचे चार काउंटर हरवले म्हणून मी चिडलेलो नाही. मांडणीत अख्खी सकाळ गेली होती; एकाने त्यासाठी रजा टाकली होती, दुसरा दोन शहरे ओलांडून आला होता. तुम्ही गेल्यावर दक्षिण आघाडीही मीच चालवली, म्हणजे प्रत्येक फेरीला दुप्पट वेळ लागला, जर्मन खेळाडू ताटकळत मोबाइल पाहू लागले आणि नोव्हेंबरच्या फेरीत खेळ गुंडाळावा लागला. मॉस्को तोवर आमच्याच ताब्यात होते. हरणे सोसत नसेल, तर सोव्हिएत बाजू मागून घेऊ नका. आणि जर्मन बाजूही घेऊ नका, कारण मग तुम्ही १९४३ मध्ये उठून जाल. नियम आधी वाचून या. सहकारी काही सांगत असेल, तर ऐका. पटले नाही, तर तसे बोला. बसलात, तर ठरलेल्या फेरीपर्यंत बसा. आणि एवढेही जमणार नसेल, तर निदान आपले मेलेले काउंटर नीट वेगळे करून डब्यात भरून जा, ते मागाहून दुसऱ्यांना निवडत बसावे लागतात.