तुमच्याकडे कुठे असतं असं!

दादाच्या मुलीचा तबला बंद झाला यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर दोन आठवडे धुमश्चक्री चालू आहे. ईशा पुण्यात यंदा आठवीला गेली. प्रवेशिका पूर्ण झाली होती, आता मध्यमाची तयारी, तेवढ्यात वहिनीने तिला आयआयटीच्या फाउंडेशनला घातलं. शाळा सुटली की साडेपाच ते साडेआठ क्लास. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका, असं केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्येच सांगितलंय. ईशा तेरा वर्षांची आहे. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "अगं, सगळ्याच जातात."

मग मावसबहिणीने लिहिलं, "जर्मनीत बघा, मुलांवर काही लादत नाहीत. विचारा ताईला."

ताई म्हणजे मी, जर्मनीत राहणारी. माझं डोकं फिरलं ते या 'विचारा ताईला'मुळे. एरवी वर्षभर ताईला कोणी काही विचारत नाही. भांडणात साक्षीदार लागला की जर्मनी आठवते.

म्हणे लादत नाहीत! माझा मुलगा पाण्याला घाबरायचा. सीपफेर्डशेनच्या, म्हणजे पोहण्याच्या पहिल्या बिल्ल्याच्या वर्गात बाईंनी खांद्याइतक्या पाण्यात रिंग टाकली आणि म्हणाल्या, आण. तीन शनिवार रडला. चौथ्या शनिवारी नाकातोंडात पाणी जाऊन, डोळे लालबुंद, पण रिंग हातात. तो समुद्रघोड्याचा बिल्ला मी त्याच रात्री त्याच्या चड्डीला शिवला, दुहेरी दोऱ्याने. तुला पोहायचंय का, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. पोहता आलंच पाहिजे, विषय संपला.

आणि चौथी? आम्ही राहतो बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरिया राज्यात. इथे चौथीचं अख्खं वर्ष प्रोबेमागून प्रोबे, म्हणजे चाचणीमागून चाचणी. मेच्या सुरुवातीला दाखला हातात येतो. जर्मन, गणित आणि परिसर, तीन विषयांची सरासरी. एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे गाळात. २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाची वाट; २.६६ पर्यंत रिआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा; त्यापुढे मिटेलशूल, म्हणजे हातकाम-धंद्याची वाट. दहा वर्षांचं पोर, आणि दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांवर त्याची वाट ठरते. शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या आया कधीच विचारत नाहीत, तुमच्याला किती पडले. आपल्याला किती पडले तेवढं मात्र न विचारता सांगतात. 'लादत नाहीत' ते हे.

मीही चौथीतच स्कॉलरशिपला बसले होते, इस्लामपूरला. तेव्हा ती चौथीला असायची, मधली काही वर्षं पाचवीला नेली होती. बाबा स्वतः शिक्षक. लाइट गेली की कंदिलाच्या उजेडात 'गटात न बसणारी आकृती ओळखा'. चुकलं की पट्टी नाही, पण बाबा चष्मा काढून पुसत बसायचे, ते पट्टीपेक्षा वाईट. तरी सांगते, मला स्कॉलरशिप मिळाली नाही म्हणून माझी कुठली शाळा बंद झाली नाही. पाचवीला मिळालेल्यांबरोबर त्याच हायस्कूलला गेले, त्याच बाकावर. आपल्याकडे आईबाप ढकलतात, पण दारं बारावीपर्यंत उघडी असतात. इथे आईबाप शांत दिसतात, कारण ढकलायचं काम सरकार करतं. हे सगळं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. रिआलशूलनंतर फाखओबरशूल, म्हणजे अकरावी-बारावी करून पुढे कॉलेजला जाता येतं, हे लिहिलं नाही. मुद्दा पातळ झाला असता.

आणखीही एक गोष्ट लिहिली नाही. माझ्या मुलाला २.६६ पडलेत.

मेमध्ये दाखला आला तेव्हा ग्रुपवर "छान झाला निकाल" एवढंच टाकलं होतं. वर एक फुलांचा गुच्छ. नंतर मी हट्टाने त्याला गिम्नाझिउमच्या प्रोबेउंटररिश्टला, म्हणजे प्रवेशाच्या चाचणीला बसवलं. तीन दिवस परक्या शाळेत, परक्या मुलांत परीक्षा. त्याआधीच्या शनिवार-रविवारी फुटबॉल बंद, दार लावून गणित. तो नाही म्हणत होता. पास झाला नाही. परवा ग्रुपवरचा माझा निबंध वाचून नवरा म्हणाला, "ईशाच्या क्लासबद्दल इतकं लिहिलंस, वा." पुढे काही बोलला नाही, भांडी लावत बसला.

शेजारच्या बाईंचा मुलगाही रिआलशूललाच चाललाय. दाखला आला त्याच दिवशी त्यांनी आइस्क्रीम खायला नेलं त्याला. मी मनात म्हटलं, यांना काय जातंय! नवरा हीटिंगचा माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, दोन गाड्या, आजोबांनी बांधलेलं घर, गावातल्या अग्निशमन दलात तीन पिढ्या. मुलगा काहीही शिकला तरी इथलाच. आमचं इथे काय आहे? एक ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, तेही डिग्रीच्या जोरावर मिळालेलं. मार्क नसते तर मी इस्लामपूरच्या बाहेर कुठे पडले असते? वहिनी ईशाला जे सांगत असेल, तेच मी पोराला सांगितलं. फक्त जर्मनमध्ये, कारण रागावल्यावर माझं मराठी त्याला नीट कळत नाही.

काल आईचा व्हिडिओ कॉल आला. मी ओट्यापाशी होते, फोन त्याने उचलला.

"आजी, मी रिआलशूलला जाणार. नवीन शाला." त्याला 'ळ' येत नाही.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"बरं बरं," आई म्हणाली. "लांब आहे का रे? आणि डब्याचं काय?"

"बस आहे. डबा आई देणार."

"पोळी दे म्हणावं. नुसता ब्रेड नको."