'आळशी डीएम' या प्रतिक्रियेला उत्तर

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून पात्रे रंगवत खेळायच्या खेळात इतर सगळ्यांना झाकोळून टाकणारे बलाढ्य पात्र डीएमने (डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) कसे हाताळावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: खेळाडूने छापील नियमांतूनच पात्र घडवले असताना त्याला फीट (पात्रासाठी निवडलेले खास कौशल्य) बदलण्याची विनंती करणे ही हुशारीची शिक्षा आहे, मॉन्स्टर अधिक बलवान केले की प्रश्न मिटतो, लेखातले आकडे कोणत्या आवृत्तीचे आहेत ते कळत नाही, आणि शेवटी, "ज्या डीएमला एक तिरंदाज झेपत नाही, तो आळशी आहे."

आवृत्तीचा मुद्दा मान्य. ते आकडे २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकचे, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकाचे होते आणि तसे स्पष्ट लिहिले असते तर बरे झाले असते. २०२४ च्या सुधारित पुस्तकात शार्पशूटर या लांबून मारा करणाऱ्याच्या फीटमधला 'नेमातून पाच वजा, इजेत दहा अधिक' हा पर्याय राहिलेला नाही. मग ज्यांनी तो काढला, ते रचनाकारही आपल्या मते आळशीच का?

या 'आळशी' शब्दावर मला बोलायचे आहे, कारण असा शब्द वापरला की पुढे चर्चेला जागाच उरत नाही. जो माणूस नोकरी सांभाळून आठवडाभर रात्री नकाशे काढतो, प्रत्येक पात्राच्या पूर्वकथेतला धागा पुढच्या सत्रात कुठे गुंफता येईल याचा विचार करतो आणि रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन टेबल मांडतो, त्याला त्याच्याशी कधी न खेळलेल्या माणसाने आळशी ठरवावे, हे मला असभ्य वाटते. मी कॉलेजात असल्यापासून हा खेळ खेळतो आहे. खेळाच्या ३.५ या जुन्या आवृत्तीच्या काळात मी फायटर (लढवय्या) खेळत असताना आमच्यातला क्लेरिक (पुरोहित) डिव्हाइन पॉवर आणि रायटियस माइट हे मंत्र स्वतःवर टाकून माझ्यापेक्षा सरस लढत असे, आणि वर जखमाही बऱ्या करत असे. आमच्या तेव्हाच्या डीएमने आपण सुचवता तोच उपाय केला. मॉन्स्टर वाढवत नेले. क्लेरिक टिकला, माझे पात्र मात्र पुन्हा पुन्हा पडत राहिले आणि शेवटी तो गटच मोडला. टेबलाच्या त्या बाजूला बसून काय वाटते, हे मला कुणी शिकवण्याची गरज नाही.

आता मॉन्स्टर वाढवण्याविषयी. आठव्या लेव्हलचा फायटर घ्या: डेक्स्टेरिटी (चपळाई) २०, आर्चरी ही लढण्याची स्टाईल, आणि क्रॉसबो एक्स्पर्ट व शार्पशूटर हे फीट. हँड क्रॉसबोचे (एका हाताने चालवायच्या छोट्या यांत्रिक धनुष्याचे) एका पाळीत तीन हल्ले, प्रत्येक यशस्वी हल्ल्याला शार्पशूटरचे दहा धरून सरासरी १८.५ इजा. ओगर या मॉन्स्टरचे हिट पॉइंट (पडेपर्यंत सोसता येणारी इजा) ५९ आणि आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) ११; या फायटरच्या फाशात +१० मिळतात, त्यातून पाच वजा करूनही त्याला वीस बाजूंच्या फाशावर ६ पुरतात. हिट पॉइंट वाढवले तर लढाई लांबते आणि त्यात इतरांचा वाटा आणखी क्षुल्लक होतो. मॉन्स्टरची इजा वाढवली तर १२० फुटांवर उभ्या असलेल्या तिरंदाजाच्या आधी मरतो तो पुढे तलवार घेऊन उभा असलेला त्याचा सोबती. आर्मर क्लास वाढवला तर तिरंदाज वजाबाकीचा पर्याय सोडून सरळ +१० ने मारतो, आणि तेवढ्याच डेक्स्टेरिटीच्या 'रोग' (चोरटा) या पात्राला मात्र +८ वरच झगडावे लागते. म्हणजे गटातल्या ज्या इतरांचा काही दोष नाही, त्यांनाच या उपायाची किंमत मोजावी लागते. शिक्षेविषयी इतके कळवळून लिहिताना ही शिक्षा आपल्या नजरेतून कशी सुटली?

मी लेखात सुचवले होते ते असे: आधी त्या खेळाडूशी सत्राबाहेर, एकट्याने आणि आदराने बोलावे, शार्पशूटरला अर्ध्या किंवा पाऊण आडोशाचे बंधन नसले तरी पूर्ण आडोशाचे असतेच, म्हणून भिंती, वळणे आणि अंधार यांचा विचार करून जागा रचाव्यात, आणि केवळ मारून जिंकता येणार नाहीत असे प्रसंग आणावेत. फीट बदलण्याची विनंती हा माझ्या यादीतला अखेरचा उपाय होता, तोही खेळाडूच्या संमतीने. आपण नेमके तेवढेच एक वाक्य उचललेत.

लेखाची लांबी, माझी भाषा आणि 'हल्लीचे डीएम' याविषयीच्या आपल्या शेऱ्यांना उत्तर देण्याचे कारण मला दिसत नाही.

आपण पुन्हा लिहिणार असाल तर अवश्य लिहा. फक्त त्या वेळी एवढे सांगा, की आपल्या टेबलावर गेल्या सत्रात त्या बलाढ्य पात्राशेजारी बसलेल्या खेळाडूंनी काय केले.