पेजेवर वाढलेल्या तीन पिढ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

आजोबा, "आमच्या तीन पिढ्या पेजेवर वाढल्या, सगळे शिकले, तुम्ही शहरात बसून आयांना घाबरवता," असं तुम्ही बाळाच्या आहारावरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. 'घाबरवता' हा शब्द झोंबला. आठव्या महिन्यात बाळाच्या वाटीत काय असावं हे सांगणं म्हणजे घाबरवणं असेल, तर लशीची तारीख सांगणारी नर्ससुद्धा घाबरवतेच म्हणायची. आणि कुठलं शहर? सिंधुदुर्गात अकरा वर्षं मुलांची वजनं घेतेय मी.

एक चूक मान्य: त्या लेखात 'वाटीभर' लिहिलं, पण वाटी केवढी ते लिहिलं नाही. 200 मिलीची धरा.

आता तुमची पेज. 25 ग्रॅम तांदूळ दोन वाट्या पाण्यात शिजवले की सगळ्या पेजेत मिळून जेमतेम 90 कॅलरी. बाळ वाटीभर प्यायलं तर 45. नुसती वरची निवळ पाजलीत तर त्याहून कमी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे 200 लागतात. पोट टम्म, बाळ गप्प, घरचे खूश! त्यापेक्षा तेवढ्याच तांदळाची मऊ आटवल (घट्टसर मऊ भात) करून घोटा, चमचाभर तूप घाला. तुपाच्याच चाळीसेक कॅलरी वाढतात.

पण पोटापलीकडे मेंदूही आहे, मुलं शिकतात ती त्याच्याच जोरावर, आणि त्याचा खरा प्रश्न लोहाचा. जन्मतःचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास सरत येतो, आईच्या दुधात लोह थोडं, तांदळात नावापुरतं. मेंदूतल्या तंतूंवर आवरण चढतं ते याच काळात, आणि त्याला लोह लागतं. म्हणून कुळथाची पिठी, काटे काढून कुस्करलेला बांगडा, वर लिंबाचे चार थेंब. चहात बुडवलेलं बिस्कीट नको, चहा लोह अंगी लागू देत नाही.

नाचणीसत्व देतो म्हणाल, तर फडक्यात उरलेला चोथा टाकता ना? कॅल्शियम बरंचसं त्या सालीतच असतं. नाचणी रात्रभर भिजवून, दीडेक दिवस मोड आणून, वाळवून दळा. खमंग भाजू मात्र नका. मोडांमुळे खीर पातळ राहते, म्हणून त्याच वाटीत पीठ जास्त मावतं. जास्त भाजलं की तो गुण जातो.

"सगळे शिकले" म्हणता. ग्वाटेमालातल्या चार गावांत 1969 ते 1977 पूरक पेयं वाटली. दोन गावांत प्रथिनांचं, दोन गावांत बिनप्रथिनांचं. पहिल्या दोन वर्षांत प्रथिनांचं पेय मिळालेली मुलं मोठेपणी वाचनाच्या चाचणीत सरस ठरली. बाकीचीही वाचत होतीच की, आजोबा.

गरिबी, आईचं शिक्षण, शाळा यांवरचे तुमचे उरलेले चार परिच्छेद वाचले. त्यावर पुन्हा कधीतरी.