हलणारी घ्यावी की न हलणारी? फिगर कलेक्टरसाठी अत्यंत निःपक्ष सल्ला

सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्रांच्या छोट्या प्रतिकृतींचं, म्हणजे फिगरचं, कलेक्शन सुरू करायचं ठरवलंत ना, मग आधी शांतपणे स्वतःला विचारा की आपल्याला हातपाय हलणारी पोजेबल फिगर हवीय की एकदाच ओतलेला, रंगवलेला, जागचा न हलणारा स्टॅच्यू. उत्तर मिळालं की ते विसरून जा, कारण तुम्ही दोन्ही घेणार आहात आणि प्रत्येक वेळी "आता हे शेवटचं" असंच म्हणणार आहात. तरीपण सल्ला मागायची रीत आहे आणि द्यायला आपल्याला काय जातंय.

पोजेबल फिगर घ्यायची ती स्वातंत्र्यासाठी. १९६४ साली हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने जी. आय. जो नावाचा बारा इंची सैनिक काढला, त्याला २१ हलणारे भाग होते. मग १९७८ मध्ये केनर या खेळणी कंपनीच्या स्टार वॉर्सच्या पावणेचार इंची फिगर आल्या, त्यातल्या बहुतेकांना मान, दोन खांदे आणि दोन मांड्या एवढेच पाच जॉइंट, आणि पोरं त्यावर खूश होती, मातीत लोळवायची, पाण्यात बुडवायची, म्हणजे थोडक्यात खेळायची. आपण तसे नाही. आपल्याला कोपरात डबल जॉइंट पाहिजे म्हणजे मूठ खांद्याला टेकेल, खांद्यात बटरफ्लाय जॉइंट पाहिजे म्हणजे दोन्ही हात छातीसमोर आणून तलवार धरता येईल, पोट वेगळं वळलं पाहिजे, छाती वेगळी वळली पाहिजे, बुटाचं टोकसुद्धा वाकलं पाहिजे, आणि यातलं एक जरी कमी असेल तर "आजच्या काळात हे चालत नाही" असं ठणकावून सांगायचं.

मग फिगर घरी येते. पहिल्या संध्याकाळी तिला एका गुडघ्यावर बसवा, उडी मारायला लावा, चार फोटो काढा आणि झोपायच्या आधी सरळ उभी करून शेल्फवर ठेवून द्या, हात बाजूला, पाय किंचित फाकलेले, प्रार्थनेच्या तासाला उभं केल्यासारखी. आता पुढची कित्येक वर्षं ती अशीच उभी राहणार आहे. तीसेक जॉइंटचे पैसे दिलेत आणि एकही वापरात नाही, याला म्हणतात शक्यता जपून ठेवणं. आणि तुम्ही उगाच घाबरताय असंही नाही हं, नाट्यमय पोज दिलेली फिगर रात्री तीनला आपोआप पडते आणि पडताना शेजारच्या चौघांना घेऊन पडते, हे ज्याच्याकडे शेल्फ आहे त्याला सांगायला लागत नाही. घोटे मऊ पीव्हीसीचे असतील तर उन्हाळ्यात ती हळूहळू पुढे झुकायला लागते, तेव्हा घोटा गरम पाण्यात धरून सरळ करायचा, लगेच थंड पाण्यात बुडवायचा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सुट्टी.

हातांचं वेगळं सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. प्रत्येक फिगरबरोबर जादा पंजे येतात, मिटलेली मूठ, उघडा पंजा, बंदूक धरायचा, तलवार धरायचा, बोट दाखवायचा, आणि हे सगळे मनगटाच्या एका बारक्या खिळीवर बसवायचे. खिळी कडक असते. तुम्ही ओढता, काही होत नाही, अजून जोर लावता, आणि मग टक् असा जो आवाज येतो त्यावरून अनुभवी माणूस न बघता सांगू शकतो की पंजा निघाला की खिळी आतच तुटली. निघाला असेल तर तो उडून कपाटाखाली जातो. असे सगळे पंजे एका छोट्या पिशवीत भरून ठेवा आणि पिशवीवर काहीही लिहू नका, म्हणजे सहा महिन्यांनी ती जमिनीवर ओतून कुठला पंजा कुणाचा हे शोधण्यात रविवार छान जातो. त्वचेच्या रंगात इतक्या सूक्ष्म छटा असतात हे चित्रकला न शिकता कळतं.

हे सगळं नको असेल तर स्टॅच्यू घ्या. स्टॅच्यूत पोज शिल्पकाराने आधीच ठरवलेली असते, कापडाची चुणी, केसांची बट, मानेची शीर, सगळं जागच्या जागी, कुठे गुडघ्यातून जॉइंटचं वर्तुळ डोकावत नाही. दिसायला खरंच देखणा असतो, यात उपरोध नाही. आता तो बहुतेकदा पॉलिस्टोनचा असतो, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पूड मिसळून ओतलेला, म्हणजे वजनाला दगड आणि नाजूकपणात पापड. १/४ स्केलचा, म्हणजे खऱ्या मापाच्या पाव आकाराचा, मोठा स्टॅच्यू सहज दहाबारा किलो भरतो, आणि तरी तलवारीचं टोक नुसत्या बाहीने धक्का लागून जातं.

तो उघडायचा सोहळा एकट्याने करू नका. थर्माकोलचे दोन भले मोठे ठोकळे असतात, टेपने बांधलेले, वेगळे करताना असा आवाज करतात की शेजारच्या खोलीतला माणूस दात आवळून येतो, आणि मग ते पांढरे दाणे हाताला, कपड्याला, आणि मुख्य म्हणजे काळ्या रंगाच्या स्टॅच्यूला चिकटतात आणि फुंकर मारली की दुसरीकडे जाऊन चिकटतात. धड वेगळं, डोकं वेगळं, हात वेगळा, हाताला चुंबक. चुंबक जवळ नेला की हात फटकन बसतो. त्या फटकन बसण्यात जो रंगाचा टवका उडतो तो फक्त तुम्हालाच दिसतो आणि आयुष्यभर दिसतो.

या सगळ्यानंतर आपण स्टॅच्यू शेल्फवर ठेवतो आणि सरळ उभ्या केलेल्या पोजेबल फिगरसारखंच त्याच्याकडे कधीतरी येताजाता बघतो. फरक इतकाच की स्टॅच्यू न हलण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे तुम्हाला अपराधी वाटत नाही. माझं विचाराल तर हा फरक जास्तीचे पैसे देण्याइतका आहे.

प्री-ऑर्डरबद्दल काही लोक उगाच कुरकुर करतात की आज पैसे अडकवायचे आणि वस्तू पुढल्या वर्षी, मग तारीख पुढे, मग अजून पुढे. अहो ही परंपरा आहे. १९७७ च्या नाताळात केनरकडे स्टार वॉर्सच्या फिगर तयारच नव्हत्या, तर त्यांनी पुठ्ठ्याचं पाकीट विकलं, आत एक सर्टिफिकेट, ते पाठवा म्हणजे पुढल्या वर्षी चार फिगर पोस्टाने घरी येतील. मुलांनी झाडाखाली रिकामं पाकीट उघडलं. आपल्याला तर निदान प्रोटोटाइपचा, म्हणजे आधी बनवलेल्या नमुन्याचा, फोटो मिळतो, ज्याच्याशी हातात आलेल्या वस्तूचं डोळ्यांच्या रंगापुरतं तरी साम्य असतं.

वस्तू आली की ती डब्यातच ठेवावी असं सांगणारे शहाणेही भेटतील. जरूर ठेवा. पीव्हीसीमधला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येत असतो आणि बंद डब्यात हवा खेळत नाही, त्यामुळे काही वर्षांनी अत्यंत प्रेमाने जपलेली, कुणीही हात न लावलेली फिगर उघडून बघितली की ती छान चिकट लागते. उघड्यावर ठेवली तर धूळ बसते, उन्हात ठेवली तर पांढरा भाग पिवळा पडतो. म्हणजे तुमच्याकडे तीन पर्याय आहेत आणि निवडीचं स्वातंत्र्य हीच तर या छंदाची खरी गंमत.

आणि ज्यांना दोन्हीकडचे दोष एकाच वस्तूत हवेत त्यांच्यासाठी १/६ स्केलच्या कपडे घातलेल्या फिगर आहेत. बारा इंची, चेहरा हुबेहूब, आतमध्ये पूर्ण हलणारं शरीर, आणि त्यावर इतका घट्ट सूट की कोपर फार वेळ वाकवून ठेवला तर सूटला कायमची घडी पडते किंवा शिवण उसवते. नकली लेदरचं जॅकेट असेल तर काही वर्षांत दमट हवेने त्याचे पापुद्रे सुटतात, तुम्ही हात लावा नाहीतर नका लावू. म्हणजे पोजेबलचे पैसे द्या, स्टॅच्यूसारखी उभी ठेवा, आणि वर तिचे कपडे झडताना बघा. मी तर म्हणतो नवख्याने इथूनच सुरुवात करावी, सगळा अभ्यासक्रम एकदम संपतो.

फक्त ऑर्डर द्यायच्या आधी शेल्फच्या दोन फळ्यांमधली उंची तेवढी मोजून घ्या. १/४ स्केलचा सहा फुटी माणूस दीड फूट, हा हिशोब सगळ्यांना येतो. खालचा खडकाचा बेस, वर उचललेली कुऱ्हाड आणि मागे फडफडणारा अंगरखा त्यात धरलेला नसतो, आणि फळी काढून टाकली की तिच्यावरच्या बावीस फिगर कुठे ठेवायच्या हा प्रश्न उरतो, म्हणून अजून एक कपाट घ्यावं लागतं, आणि त्या नव्या कपाटात मग भरपूर जागा रिकामी दिसायला लागते.