लाभक्षेत्रातले काका

रविवारपासून खालच्या मजल्यावरचे काका मला जिन्यात पाहिलं की छत्री उघडल्यासारखं करतात.

गुन्हा एवढाच की आमच्या हॉलमध्ये तीन फुटी फिशटँक आहे आणि त्यात निऑन टेट्रा आहेत. मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातले. आमच्या बोअरचं पाणी विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ९०० दाखवतं. बादलीला पांढरं कवच चढतं, तिथे पेराएवढ्या माशाचं काय! म्हणून दर आठवड्याला साठ लिटर पाणी बदलायचं, बरंचसं आरओचं. ("माशांना आरओ, आणि मी केस धुवायचे बोअरच्या पाण्यानं," इति बायको.) बादल्या उचलून कंबर गेली, तेव्हा स्वयंपाकघरात पिंप ठेवलं, पंप सोडला आणि पाइप दाराच्या चौकटीवरून हॉलमध्ये आणला. पंप गुणगुणला. पाणी चौकटीच्या जरा खाली येऊन थांबलं ते थांबलंच.

नेमके तेव्हाच काका मेंटेनन्सची पावती द्यायला आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त.

"हेड किती पंपाचं? म्हणजे पाणी किती उंच चढवतो?"

"दोन मीटर. खोक्यावर लिहिलंय."

"म्हणजे दोन मीटरवर विसर्ग शून्य. चौकट सात फूट, म्हणजे दोन मीटर तेरा सेंटी. याला प्रशासकीय मान्यता कोणी दिली?"

"मी नाही," स्वयंपाकघरातून आवाज आला.

काकांनी चपला काढल्या, टेप मागवली. कालवा डोंगरावरून नेत नाहीत म्हणाले, आणि पाइप भिंतीच्या कडेनं जमिनीवरून घ्यायला लावला. तासाभरात माझा पाइप 'डावा कालवा' झाला, टँक 'लाभक्षेत्र', दर आठवड्याचं पाणी सोडणं 'आवर्तन' आणि तळातलं वाळूतलं पाणी 'मृत साठा'. फ्रिज सहा इंच सरकवला, ते 'भूसंपादन'. सांध्यातून थेंब गळत होता. "वहनव्यय. तो असायचाच." मग पोहे आले, आणि पोह्यांबरोबर १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा काका सात वर्षांचे होते, पण सांगताना ते कार्यकारी अभियंता असतात. खोबरं संपेपर्यंत लकडी पूल पाण्याखाली होता.

ते गेल्यावर पाणी खरंच पोचलं. खळखळ नको म्हणून पाइपाचं टोक मी टँकच्या पार तळाशी बुडवलं होतं. टँक भरला, पंप बंद केला, झोपलो. टँक वर, पिंप खाली. पाणी आल्या वाटेनं गुपचूप परत निघालं. पिंप भरलं, ओसंडलं, आणि सिंकच्या पाइपाशेजारच्या फटीतून थेट काकांच्या लोणच्याच्या बरण्यांवर उतरलं.

पहाटे साडेपाचला बेल. दारात काका, हातात टॉर्च.

"सायफन," ते म्हणाले. "टँकमधल्या पाण्याच्या वर पाइपाला सुईनं एक भोक पाडायचं. पंप थांबला की हवा शिरते, विषय संपला."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाणी पोचवायचं विचारलंत. थांबवायचं कुठे विचारलंत?"

हे वाक्य मला अजून टोचतंय. माझे पोहे खाऊन हा माणूस ते भोक पोटात ठेवून घरी गेला! वर सोसायटीच्या ग्रुपवर पंचनामा टाकला: 'प्रकल्पग्रस्त: कैरीचं लोणचं, बरणी १. मुरांबा, बरणी १.' खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या बायकोचा.

खरं तर चिडावं कुणावर हेच कळत नाही. पाणीपट्टी भरतो, नळाला पाणी नाही. म्हणून बोअर. बोअर आटला की टँकर. दोन्ही जड, म्हणून आरओ, जो लिटरभर चांगल्या पाण्यापायी तीनेक लिटर मोरीत सोडतो, तेही विकतचं. आरओ म्हणून पिंप, आणि पिंप म्हणून काका. मासे मात्र त्या पहाटे चार बोटं पाण्यात शांत फिरत होते.

आज काका लिफ्टमध्ये भेटले. मजले मोजत गप्प उभे. उतरताना म्हणाले, "पुढचं आवर्तन कधी? बरण्या हलवून ठेवतो."