माती परीक्षणाचं कार्ड दाखवून प्लॉट विकू नका

परवा रात्री दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. निपाणी-चिकोडी भागात तो महिनाभर फिरतोय, पण आता आमच्याच घरात आला म्हणून लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: शेतातल्या प्लॉटला घाबरू नका, फवारलेली औषधं दोन पावसाळ्यांत धुऊन जातात. गवत उगवतंय, गांडुळं दिसतात म्हणजे माती शुद्ध. शेणखत घातलं की विष मरतं. मालकाकडं माती परीक्षणाचं कार्ड असेल तर डोळे झाकून घ्या. एवढं करूनही शंका राहिली तर वरची फूटभर माती काढून परसबागेला वापरा आणि मुरूम पसरा. खाली दाजींनी विचारलं होतं, "मग संचकार (विसार) देऊन टाकू का?"

प्लॉट तीन गुंठ्यांचा. पूर्वी उसाचं रान होतं आणि कोपऱ्यात औषधांचं गोडाऊन. माझा भाचा तीन वर्षांचा आहे. हातात येईल ते तोंडात घालतो.

आधी कार्डाचं बोलतो, कारण अकरा वर्षं मी माती तपासायच्या लॅबमध्येच काम करतोय आणि याच मुद्द्यानं डोकं फिरलं. 2015 पासून जे मृदा आरोग्य कार्ड मिळतं, त्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. संपलं. त्यात कीटकनाशकाचा रकानाच नाही. उसाला युरिया किती घालायचा हे सांगणारा कागद तुम्ही मूल खेळणाऱ्या अंगणासाठी दाखला म्हणून दाखवताय!

नमुना घ्यायची रीतही उलटी. खतासाठी आम्ही शेतात नागमोडी फिरतो, दहा-पंधरा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घेतो, माती घमेल्यात एकत्र करतो आणि चार भाग करत करत अर्धा किलो उरवतो. खताचा हिशेब सरासरीवर चालतो, त्यामुळं तिथं हे बरोबरच आहे. विष मात्र रानभर सारखं पसरलेलं नसतं. पंप भरायची विहिरीकडंची जागा, डबे धुवायची जागा, गोडाऊनचा उंबरा, तिथं ते साचतं. ती माती चौदा खड्ड्यांच्या चांगल्या मातीत कालवली की कागदावर दिसेनाशी होते. प्लॉटसाठी अशा जागांचे नमुने वेगवेगळे, वेगवेगळ्या खोलीवरून, काचेच्या बरणीत घ्यावे लागतात आणि कीटकनाशकांचे अवशेष मोजणाऱ्या लॅबला पाठवावे लागतात. आमच्या लॅबमध्ये ती सोय नाही, हेही लोकांना सांगून दमलो.

रविवारी मी ते गोडाऊन बघून आलो. फरशीच्या फटीत पांढरट भुकटी अजून आहे. कोपऱ्यात पाणी सांडल्यावर कुबट वास आला. तो मला लहानपणापासून ठाऊक आहे, उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी टाकायच्या बीएचसी या कीटकनाशक पावडरचा. नुसत्या वासावरून मी निकाल देणार नाही. पण तपासल्याशिवाय तिथं पाया खणू द्यायलाही मी तयार नाही.

पावसाचं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं मातीत काही आठवड्यांत मोडतात. पण डीडीटी निम्मं व्हायलाच 2 ते 15 वर्षं जातात. शेतीत त्यावर 1989 मध्ये बंदी आली, बीएचसीवर 1997 मध्ये. बंदी आली म्हणून गोडाऊनमधली पोती उडून गेली नाहीत. ही दोन्ही औषधं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, मातीच्या कणाला धरून बसतात. पाऊस फार तर तो कण ओढ्याला नेऊन घालतो.

गवत, गांडुळं? गवताला डीडीटीनं काही होत नाही आणि गांडूळ ते अंगात साठवून जगतं. शेणखतानं तर ते मातीत अजून घट्ट बसतं.

फूटभर माती काढायचा सल्ला सगळ्यात घातक, कारण त्यात थोडं तथ्य आहे. वरची माती काढणं, स्वच्छ मातीचा थर देणं, हे खरोखरचे उपाय आहेत. पण किती खोल काढायची हे तपासणीनंतर ठरतं, आणि काढलेली माती घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच जाते. ती परसबागेत टाकून त्यात मेथी-कोथिंबीर लावायची म्हणजे विष ताटात वाढणं आहे.

हे खूळ माझ्या एकट्याचं नाही. न्यूझीलंडमध्ये 1 जानेवारी 2012 पासून नियमच आहे: फळबाग, भाजीमळा किंवा कीटकनाशकांचा साठा असलेल्या जमिनीचे प्लॉट पाडायचे तर आधी जमिनीचा इतिहास आणि माती तपासायची. घराच्या अंगणासाठी डीडीटीची मर्यादा किलोला 70 मिलिग्रॅम ठरलेली आहे. आपल्याकडंही 24 जुलै 2025 ला दूषित जागांचे नियम निघालेत, त्यामुळं डीसी ऑफिसला (जिल्हाधिकारी कार्यालयाला) लेखी अर्ज देता येतो. तो मी लिहून ठेवलाय.

दाजी, संचकार देऊ नका. त्या गोडाऊनमध्ये कोणती औषधं, किती साली ठेवली होती, हे जुन्या हमालांना विचारायला मी शनिवारी येतो. तुम्हीही चला. भाच्याला घरीच ठेवा.